‘उपचारांना दाद देत नाही’ असा शेरा मारण्याआधी : मानसोपचार विभागप्रमुखांना आणि औषध समित्यांना खुले पत्र

प्रति,
मानसोपचार विभागांचे प्रमुख आणि रुग्णालयांच्या औषध समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सादर नमस्कार.

लोराझेपाम हे मन शांत करणारे, झोप आणणारे औषध कोणत्याही रुग्णाला दिवसाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्यायचे नाही, हा सरसकट नियम कॅटॅटोनियाच्या, म्हणजे बोलणे आणि हालचाल जखडून टाकणाऱ्या विकाराच्या, रुग्णांनाही लावला जात आहे. हे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत. रुग्णांच्या घरच्यांनाही ते वाचता यावे, यासाठी उघडपणे लिहीत आहोत. नियमामागची काळजी आम्ही समजू शकतो. या गोळ्यांची सवय लागते, वयस्क माणसे पडतात, श्वास मंदावू शकतो. पण झोपेसाठी ठरवलेली मर्यादा कॅटॅटोनियाला लावली की उपचार अर्ध्यावर थांबतो, आणि मग त्याच रुग्णाच्या केसपेपरवर ‘उपचारांना दाद देत नाही’ असे लिहिले जाते.

आम्ही वॉर्डात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते आहोत. औषधांच्या तक्त्यावर सह्या आमच्या असतात. न बोलणाऱ्या, न गिळणाऱ्या माणसाला भरवण्याची जबाबदारी आमची असते. ‘आता पुढे काय?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तरही आम्हालाच द्यावे लागते.

कॅटॅटोनियात माणूस बोलेनासा होतो, तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो. हात उचलून ठेवला तर तो तसाच हवेत राहतो. काही जण सांगितलेल्याच्या नेमके उलटे करतात, काही समोरच्याचे शब्द आणि हालचाली परत परत करतात. काही जण उलट थांबतच नाहीत, कारण नसताना सतत हालचाल करत राहतात, आणि हा प्रकार सर्वात जास्त निसटतो. काल्‌बाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी १८७४ मध्ये या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. पुढे क्रेपेलिन या दुसऱ्या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजारात गोवले, आणि कॅटॅटोनिया म्हणजे स्किझोफ्रेनियाच ही समजूत जवळजवळ शंभर वर्षे टिकली. २०१३ च्या डीएसएम-५ ने (अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने) स्किझोफ्रेनियाचा ‘कॅटॅटोनिक’ हा उपप्रकार काढून टाकला आणि आयसीडी-११ ने (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने) कॅटॅटोनियाला स्वतःची जागा दिली. म्हणजे ज्या रुग्णाला स्किझोफ्रेनियाही आहे आणि कॅटॅटोनियाही, त्याच्यात दोन गोष्टींवर उपचार करायचे असतात, आणि आधी कशावर करायचे याला फार महत्त्व असते. आमच्या बहुतेक तक्रारी या क्रमाच्याच आहेत.

पहिली तक्रार मोजमापाची. कॅटॅटोनिया मोजणारी बुश-फ्रान्सिस मापनश्रेणी १९९६ पासून उपलब्ध आहे. तिच्यात २३ लक्षणे आहेत. त्यांतली पहिली १४ चाळणीसाठी असून त्यांपैकी २ किंवा जास्त आढळली तर कॅटॅटोनिया धरून पुढची तपासणी करायची असते. तिला यंत्र लागत नाही, दहाएक मिनिटे पुरतात. रुग्णाशी बोलताना त्याच्याकडे नीट पाहायचे. स्वतःचे डोके मोठ्या हालचालीने खाजवून तो नक्कल करतो का हे बघायचे. त्याचा हात कधी हलक्या तर कधी जास्त जोराने हलवून ताठरपणा तपासायचा. ‘मला हात वर उचलू देऊ नका’ असे सांगून एका बोटाने हात वर ढकलायचा. हात पुढे करून ‘माझ्याशी हात मिळवू नका’ असे म्हणायचे आणि तो मध्येच अडकतो का ते पाहायचे. शेवटी गेल्या २४ तासांतले खाणे-पिणे, नाडी, रक्तदाब आणि ताप तक्त्यावरून तपासायचे. हे झाले नाही की ‘शांत आहे, सहकार्य करत नाही’ एवढीच नोंद उरते, आणि पुढच्या आठवड्यात फरक पडला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी तक्रार लोराझेपामच्या मर्यादेची, आणि हिच्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत. कॅटॅटोनिया लोराझेपामला दाद देतो का, याची चाचणी अशी करतात : आधी बुश-फ्रान्सिसचे गुण नोंदवायचे, मग १ ते २ मिलिग्रॅम लोराझेपाम द्यायचे. शिरेतून दिले तर ५ मिनिटांनी, स्नायूत दिले तर १५ मिनिटांनी, तोंडाने दिले तर ३० मिनिटांनी पुन्हा गुण मोजायचे. गुण निम्म्याने उतरले तर चाचणी सकारात्मक. फरक नसेल तर आणखी एक डोस देऊन पुन्हा पाहायचे. पहिल्या डोसला काही झाले नाही म्हणून कॅटॅटोनिया नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. चाचणीनंतर दिवसातून ३-४ वेळा विभागून औषध सुरू करतात आणि रोज किंवा दिवसाआड वाढवतात. पुष्कळ रुग्णांना दिवसाला ८ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते आणि २४ मिलिग्रॅमपर्यंत जाण्याची प्रथा मान्य आहे. प्रत्येक डोसआधी श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि गुंगी पाहायची. गुंगी आली तर तो डोस थांबवायचा. ही देखरेख ठेवली तर आकड्याची आंधळी मर्यादा लागत नाही. जी व्यक्ती ४ मिलिग्रॅमवर जखडलेलीच आहे आणि जागी आहे, तिला पुढचा डोस नाकारायला वैद्यकीय कारण उरत नाही.

बारीकसारीक चुकांमुळेही हाच उपचार फसतो. औषध रात्री झोपेच्या वेळी एकदम दिले जाते, तर त्याचा उपयोग दिवसा, जेवणाआधी अर्धा तास दिल्यावर होतो, कारण त्या वेळेत माणूस तोंड उघडून गिळू शकतो. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. फ्रिज औषधांच्या कोठारात आणि किल्ली दिवसपाळीत असली की रात्री त्याच्या जागी हॅलोपेरिडॉल हे मनोविकारविरोधी औषध दिले जाते. बोलायला लागला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद केले की आठवडाभरात रुग्ण पुन्हा तिथेच येतो. डोस हळूहळू, काही आठवडे घेऊन कमी करायचा, आणि लक्षणे परतली तर मागच्या पायरीवर जायचे.

एक गोष्ट आम्ही लपवत नाही. तीव्र आणि नव्या कॅटॅटोनियात लोराझेपाम बहुसंख्य रुग्णांना उतार देते, पण स्किझोफ्रेनियातल्या जुनाट कॅटॅटोनियात त्याचा गुण बराच कमी येतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर चाचणीत जुनाट रुग्णांना दिवसाला ६ मिलिग्रॅम देऊनही फरक दिसला नव्हता. म्हणून आमची मागणी लोराझेपाम महिनोन्‌महिने देत राहण्याची नाही. पुरेसा डोस द्या, रोज गुण मोजा, काही दिवसांत उत्तर मिळवा आणि उत्तर ‘नाही’ आले तर ताबडतोब पुढची पायरी गाठा. ४ मिलिग्रॅमवर थांबल्यावर ‘हो’ही कळत नाही आणि ‘नाही’ही, आणि त्यात आठवडे जातात.

तिसरी तक्रार. रुग्ण स्किझोफ्रेनियाचा आहे म्हणून कॅटॅटोनिया असतानाच मनोविकारविरोधी औषध वाढवले जाते, आणि तेही बहुधा हॅलोपेरिडॉलसारखे, मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या डी२ ग्राहकांना घट्ट अडवणारे. त्याने कॅटॅटोनिया वाढू शकतो आणि न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा, म्हणजे या औषधांमुळे होणाऱ्या जीवघेण्या विकाराचा, धोका असतो : ताप, शिशासारखा ताठरपणा, घाम, कधी वर कधी खाली जाणारा रक्तदाब, आणि रक्तात क्रिएटिन कायनेझ (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारा घटक) खूप वाढलेले. शरीरात पाणी कमी असेल आणि रक्तातले लोह कमी असेल तर हा धोका जास्त. म्हणून कॅटॅटोनिया दिसताच आधी चालू औषध थांबवण्याचा विचार करायचा, पाणी भरून काढायचे, क्रिएटिन कायनेझ आणि लोह तपासायचे. महिनाभर अंगात राहणारे डेपो इंजेक्शन या काळात अजिबात देऊ नये, कारण ते परत काढून घेता येत नाही. उलटीसाठी सहज लिहिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडही डी२ अडवते, हे वॉर्डात फार वेळा विसरले जाते. भ्रम आणि भास यांच्यावर औषध देणे भागच असेल तर लोराझेपामच्या आधारावर, डी२ वर कमी भार टाकणारे किंवा अंशतः उत्तेजित करणारे औषध, म्हणजे क्लोझापाइन किंवा ॲरिपिप्राझोल, कमी डोसपासून द्यावे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. क्लोझापाइन अचानक बंद झाल्याने कॅटॅटोनिया उद्भवू शकतो. तसाच तो बेंझोडायझेपिन गटातली (लोराझेपाम ज्या गटात येते ती) औषधे एकदम तोडल्यानेही होतो. भरती करताना ‘गेल्या दोन आठवड्यांत कोणते औषध थांबले?’ हा प्रश्न नातेवाइकांना विचारलाच पाहिजे. उत्तर क्लोझापाइन आले तर ते परत सुरू करणे हाच बहुधा मुख्य उपचार ठरतो.

आता शेऱ्याबद्दल. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषांनुसार स्किझोफ्रेनिया उपचारांना दाद देत नाही असे म्हणायला दोन वेगवेगळी औषधे, प्रत्येकी किमान ६ आठवडे, दिवसाला ६०० मिलिग्रॅम क्लोरप्रोमाझिनच्या (एका जुन्या मनोविकारविरोधी औषधाच्या) तोडीच्या डोसात देऊन झालेली असावी लागतात आणि ती खरोखर पोटात गेलेली असावी लागतात. गालात गोळी धरून ठेवणाऱ्या रुग्णाच्या तक्त्यावर दिलेल्या डोसच्या खुणा पूर्ण असतात. म्हणून रक्तातली औषधपातळी निदान एकदा तपासायला हवी. कॅटॅटोनियाच्या रुग्णात याआधीही एक पायरी आहे : कारण शोधणे. नव्याने सुरू झालेल्या, झपाट्याने वाढलेल्या, झटके किंवा ताप सोबत असलेल्या कॅटॅटोनियात मेंदूचा आलेख (ईईजी) आणि मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी झालीच पाहिजे. या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या मेंदूच्या सुजेवर, म्हणजे एन्सेफलायटिसवर, प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार लागतात. त्याचे नाव स्किझोफ्रेनिया पडले तर रुग्ण वर्षानुवर्षे चुकीची औषधे घेत राहतो.

चौथी तक्रार क्लोझापाइनला होणाऱ्या उशिराची. १९८८ च्या प्रसिद्ध चाचणीत, इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी क्लोझापाइनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर फक्त ४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तरी दोन औषधे फसल्यावर तिसरे, चौथे, मग दोन-तीन एकत्र असा प्रवास होतो आणि क्लोझापाइनचे नाव शेवटी निघते. भीती पांढऱ्या पेशी घटण्याची असते. ती निराधार नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या कारणाने मृत्यू झाले आणि औषध अनेक ठिकाणी मागे घेतले गेले. पण ॲग्रॅन्युलोसायटोसिस, म्हणजे पांढऱ्या पेशींची ही धोकादायक घट, सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी रुग्णांना होतो, बहुतांश पहिल्या १८ आठवड्यांत, आणि त्या काळात दर आठवड्याला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोजल्यास तो वेळेत सापडतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये क्लोझापाइनसाठीची सक्तीची नोंदणी योजना बंद केली. तपासणीचा सल्ला मात्र कायम ठेवला.

कॅटॅटोनियाच्या रुग्णाला क्लोझापाइन देताना खरी काळजी दुसरीकडे घ्यावी लागते. पहिला डोस १२.५ मिलिग्रॅम. नंतर रोज २५ मिलिग्रॅमने, सहन होईल तसे, २-३ आठवड्यांत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तदाब उभे करून आणि झोपवून दोन्ही वेळा मोजायचा. लोराझेपाम मोठ्या डोसात चालू असताना क्लोझापाइनचा डोस अगदी संथपणे वाढवायचा, कारण दोन्हींमुळे श्वास मंदावणे आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडू शकतात. पहिल्या ४ आठवड्यांत दर आठवड्याला ट्रोपोनिन आणि सीआरपी तपासून हृदयाच्या स्नायूच्या सुजेवर नजर ठेवायची. शौचाची नोंद रोज, न चुकता. क्लोझापाइनने आतड्यांची हालचाल थंडावते आणि हा रुग्ण पोट दुखते असे बोलून दाखवू शकत नाही. आतडे अडून जीव गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पोट साफ करणारे औषध पहिल्या दिवसापासून सोबत असावे. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ पासून सुरुवात. जुन्या डोसवर थेट जाऊ नये. सिगारेट ओढणाऱ्याने भरती झाल्यावर ओढणे थांबवले की रक्तातली पातळी चढते. डोस तोच असूनही रुग्ण गुंगीत जातो किंवा त्याला झटका येतो. पातळी मिलिलिटरमागे ३५० नॅनोग्रॅम गाठल्यावर निदान ३ महिने दिल्याशिवाय ‘क्लोझापाइनही चालले नाही’ असे लिहू नये.

पाचवी तक्रार विद्युत उपचारांची, म्हणजे मेंदूला विजेचा धक्का देऊन झटका आणणाऱ्या ईसीटीची. मेदुना या हंगेरियन मनोविकारतज्ज्ञांनी १९३४ मध्ये कापराने झटका आणून ज्या रुग्णावर झटका-उपचाराची सुरुवात केली, तो कॅटॅटोनियाचाच रुग्ण होता. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी त्यासाठी वीज वापरली. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन हा उपचार होतो, आणि लोराझेपामने सुटका न झालेल्या कॅटॅटोनियात तो सर्वांत परिणामकारक आहे. तरीही तो शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवला जातो. ताप, वाढलेली नाडी आणि डोलणारा रक्तदाब असलेला घातक कॅटॅटोनिया असेल तर दिवसांची वाट पाहणे म्हणजे जीव पणाला लावणे. अशा वेळी सुरुवातीला रोज ईसीटी देण्याचीही तयारी असावी. एरवी आठवड्यातून २-३ वेळा, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी. किती सत्रे द्यायची हे ठरलेल्या आकड्याने न ठरवता बुश-फ्रान्सिसच्या गुणांनी ठरवावे. स्किझोफ्रेनियात सहसा जास्त सत्रे लागतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. लोराझेपाम झटक्याचा उंबरठा वाढवते, म्हणून ईसीटीच्या सकाळचा डोस टाळावा किंवा भूल देताना त्याचा परिणाम उतरवणारे फ्लुमाझेनिल वापरावे. काही जण घाबरून लोराझेपाम एकदम बंदच करतात आणि कॅटॅटोनिया बळावतो. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या रुग्णाला सक्सामेथोनियम हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले तर रक्तातले पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकते. भूलतज्ज्ञाला ‘किती दिवस हालचाल नाही’ हे आधी सांगितले तर तो दुसरे औषध निवडेल. आमची भूलतज्ज्ञांना विनंती आहे की कोणी सांगितले नाही तरी त्यांनी हे विचारावे.

क्लोझापाइन आणि ईसीटी एकत्र देता येतात. २०१५ च्या एका चाचणीत क्लोझापाइनलाही दाद न दिलेल्या रुग्णांना त्यासोबत ईसीटी दिल्यावर निम्मे सुधारले. केवळ क्लोझापाइन चालू ठेवलेल्या गटात कोणीही सुधारले नाही. ती चाचणी लहान होती आणि कॅटॅटोनियापुरती नव्हती. तरी सगळे संपले असे म्हणण्याआधी हे जोडीचे उपचार झालेले असणे आम्ही किमान मानतो.

राहिलेल्या औषधांबद्दल थोडक्यात. अमँटाडिन दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून आणि मेमँटिन ५ ते २० मिलिग्रॅम, ही एनएमडीए ग्राहकांवर काम करणारी औषधे लोराझेपामच्या जोडीला वापरता येतात. अमँटाडिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि भ्रम वाढवू शकते. झोल्पिडेम १० मिलिग्रॅम काही रुग्णांत काही तासांपुरते मोकळेपण आणते. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएटचेही अनुभव नोंदले गेले आहेत. व्हॅल्प्रोएट मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना टाळावे. कार्बामाझेपिन क्लोझापाइनसोबत देऊच नये, ते पांढऱ्या पेशींचा धोका वाढवते आणि क्लोझापाइनची पातळीही पाडते. या सर्वांमागचा पुरावा मुख्यतः रुग्णनोंदींचा आहे. ती ईसीटी उपलब्ध होईपर्यंत किंवा ती देता येत नसेल तेव्हा वापरावीत. ईसीटी टाळण्याचे निमित्त म्हणून वापरू नयेत.

शरीराच्या काळजीकडे दुर्लक्ष झाले तर वरची सगळी औषधे निरुपयोगी ठरतात. न हलणाऱ्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जातात. म्हणून रक्तस्रावाचा धोका नसेल तर गुठळीविरोधी इंजेक्शन पहिल्या दिवसापासून सुरू हवे. दर २ तासांनी कूस बदलणे, मूत्राशय भरले आहे का ते पाहणे, सांधे हलवणे हे रोजचे काम आहे. बरेच दिवस उपाशी असलेल्याला नळीने एकदम पूर्ण आहार देऊ नये. आधी थायमिन द्यावे, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासावे आणि आहार हळूहळू वाढवावा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

कॅटॅटोनियाच्या रुग्णांना लोराझेपामच्या ४ मिलिग्रॅमच्या मर्यादेतून लेखी सूट द्यावी आणि तिच्या जागी प्रत्येक डोसआधीच्या देखरेखीचा तक्ता लावावा. लोराझेपामचे इंजेक्शन वॉर्डाच्याच फ्रिजमध्ये, दिवसरात्र हाती लागेल असे ठेवावे.

स्किझोफ्रेनियाच्या निदानाने भरती होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची बुश-फ्रान्सिस चाळणी २४ तासांत व्हावी आणि कॅटॅटोनिया आढळल्यास गुण रोज नोंदवावेत. ज्याची चाळणी सकारात्मक आहे त्याला हॅलोपेरिडॉल, डेपो इंजेक्शन किंवा मेटोक्लोप्रमाइड वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञाच्या लेखी कारणाशिवाय दिले जाऊ नये.

‘उपचारांना दाद देत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी औषधपातळी, पुरेसा डोस आणि पुरेसा कालावधी यांची नोंद केसपेपरवर असावी. दोन औषधे निष्फळ ठरल्यावर क्लोझापाइन का सुरू केले नाही, याचे कारण डॉक्टरांनी लिहावे.

लोराझेपामची योग्य चाचणी निष्फळ ठरल्यास ईसीटीचा निर्णय एका आठवड्यात व्हावा, घातक कॅटॅटोनियात त्याच दिवशी. जिथे ईसीटीची सोय नाही, तिथून रुग्णाला कुठे आणि कोणाच्या परवानगीने पाठवायचे हे आधीच ठरलेले आणि भिंतीवर लावलेले असावे.

रुग्ण स्वतः बोलू शकत नसल्याने त्याच्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकांना प्रत्येक टप्प्यावर काय दिले, का दिले आणि पुढे काय देता येईल हे त्यांच्या भाषेत, लेखी मिळावे.

लोराझेपामच्या मर्यादेचा विषय औषध समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्या चर्चेला वॉर्डातल्या परिचारिकांना बोलवावे, ही विनंती. चाचणीचा तक्ता, देखरेखीचा नमुना आणि क्लोझापाइनच्या पहिल्या १८ आठवड्यांचे वेळापत्रक आम्ही तयार ठेवले आहे. आपण सांगाल त्या दिवशी घेऊन येऊ.

आपले नम्र,
मानसोपचार वॉर्डात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते